चोराची कबुली पुरावा म्हणून कशी वाचायची?

‘द गोल्डन गॉब्लेट’ ही इजिप्तमधल्या थडगेचोरीवरची कादंबरी वाचताना प्रश्न पडतो, खरंच असं व्हायचं का? व्हायचं! इ.स.पू. १११० च्या सुमारास, नवव्या रामसेसच्या काळात, एका पाथरवटाने राजा सोबेकेमसाफची कबर फोडल्याचं कबूल केलं. आठ जणांत सोनं वाटलं, प्रत्येकी २० देबेन. पकडल्यावर आपला वाटा कारकुनाला देऊन आपण सुटलो, असंही तो सांगतो.

पण थांबा. पपायरसवरची ही कबुली काठीने मारून घेतलेली आहे. मग खोटी समजायची? तपासणीत ती कबर फोडलेलीच निघाली, म्हणजे चोरी खरी. लाचेला मात्र त्याच्या शब्दाचाच आधार.

आपल्या डेटालाही हेच विचारा: कोणी नोंदवला, कोणत्या दबावाखाली, आणि दुसरा पुरावा कुठे?