दीड टनाचा एसी तासाला किती वीज खातो? टन, बीटीयू आणि किलोवॅटचं गणित समजून घ्या

उन्हाळा आला की एसीच्या जाहिराती सुरू होतात आणि त्यासोबत व्हॉट्सअ‍ॅपवर एक हिशोबही फिरायला लागतो. "एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. म्हणजे दीड टनाचा एसी तासाला सव्वापाच युनिट खाणार!" यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे, दुसरं साफ चूक. का, ते बघूया.

एसीचा टन आला कुठून?

हा टन एसीच्या वजनाचा नाही, बर्फाचा आहे. यंत्रं येण्याआधी गारवा म्हणजे बर्फच होता. एकोणिसाव्या शतकात तर अमेरिकेतून जहाजाने मुंबईत बर्फ यायचा. पुढे थंड करणारी यंत्रं आली तेव्हा त्यांची ताकदही बर्फातच मोजली गेली. शून्य अंशाच्या एक अमेरिकन टन (२००० पौंड, सुमारे ९०७ किलो) पाण्याचा २४ तासांत बर्फ करायचा, तर त्यातून ज्या वेगाने उष्णता काढावी लागते, तो वेग म्हणजे एक टन.

बीटीयू हे उष्णतेचं जुनं ब्रिटिश एकक. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला साधारण एक बीटीयू उष्णता लागते.

हे आकडे सेव्ह करून ठेवा

- १ वॅट = ३.४१२ बीटीयू प्रतितास
- १ किलोवॅट = ८६० किलोकॅलरी प्रतितास
- १ टन = १२,००० बीटीयू प्रतितास = ३.५१७ किलोवॅट
- १.५ टन = १८,००० बीटीयू प्रतितास = ५.२८ किलोवॅट

मग घोळ कुठे होतो?

५.२८ किलोवॅट हा खोलीतून बाहेर काढल्या जाणाऱ्या उष्णतेचा आकडा आहे. मीटरवर पडतो तो विजेचा आकडा, आणि तो वेगळा असतो.

गिझर विजेपासून उष्णता तयार करतो. त्यामुळे २ किलोवॅटचा गिझर २ किलोवॅट वीज घेतो आणि जवळपास तेवढीच उष्णता देतो. एसी उष्णता तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हमालाने ५० किलोचं पोतं उचललं म्हणून त्याला ५० किलो जेवण लागत नाही, तसंच हे.

एक वॅट विजेत एसी किती वॅट उष्णता बाहेर काढतो, त्या गुणोत्तराला ईईआर म्हणतात. हे गुणोत्तर ३.५ असेल, तर:

५.२८ ÷ ३.५ = साधारण १.५ किलोवॅट

म्हणजे एसी पूर्ण क्षमतेने चालला तरी तासाला दीड युनिट, आठ तासांत १२ युनिट. व्हॉट्सअ‍ॅपच्या हिशोबाने हेच ४२ युनिट होतात! खोली गार झाल्यावर कॉम्प्रेसर थांबतो किंवा हळू चालतो, त्यामुळे प्रत्यक्ष वापर बहुतेक वेळा १२ युनिटपेक्षाही कमी भरतो.

दुकानात काय बघायचं?

एसीवरच्या स्टार लेबलवर आयएसईईआर नावाचा आकडा असतो. हे पूर्ण हंगामाचं सरासरी गुणोत्तर आहे. तो जितका मोठा, तितकं बिल कमी. दीड टन म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक एसीची क्षमता नेमकी ५.२८ किलोवॅट नसते, म्हणून लेबलवर वॅटमध्ये दिलेली क्षमताही वाचा. वर्षाचा युनिटचा आकडा १६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो. तुमचा वापर जास्त असेल तर बिलही जास्त येईल.

मात्र वायरिंग, इन्व्हर्टर किंवा सोलर ठरवताना सरासरी आकडा धरू नका. एसीच्या प्लेटवर लिहिलेली कमाल वीज आणि अँपिअर इलेक्ट्रिशियनला दाखवा.

अमेरिकेतल्या एसीवर ईईआर १२ दिसलं, तर तो आपल्यापेक्षा तिप्पट चांगला असं समजू नका. तिकडे उष्णता बीटीयूमध्ये आणि वीज वॅटमध्ये मोजतात. १२ ला ३.४१२ ने भागा, उत्तर येतं ३.५.

वीज केंद्रात उलटा हिशोब

औष्णिक केंद्रात उष्णतेपासून वीज बनते आणि तिथे बरीचशी उष्णता वाया जाते. एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी ऊर्जा असते, पण ते बनवायला २,४०० किलोकॅलरीचा कोळसा जळत असेल, तर कार्यक्षमता जेमतेम ३६ टक्के. म्हणजे अशा ५०० मेगावॅटच्या संचासाठी सुमारे १,४०० मेगावॅट उष्णता लागते.

थोडक्यात, पुढच्या वेळी 'किलोवॅट' वाचलं की आधी एकच प्रश्न विचारा: हा आकडा उष्णतेचा आहे की विजेचा?