तुळशीदासाचा डफ

वेल्ह्याच्या वाटेवर राजगड दिसू लागला, की तुळशीदास शाहिराचा सिंहगडचा पोवाडा आठवतो. १६७० साली महाराजांची राजधानी हीच. त्या वर्षीच्या माघात तानाजी मालुसरे सिंहगडावर पडले. सभासदाने ती हकीकत बखरीत थोडक्यात लिहिली. शाहिराने मात्र तीत घर आणले: जिजाबाईंचा हट्ट, सोगट्यांचा डाव, रायबाचे लग्न, ऐंशी वर्षांचे शेलारमामा. घोरपड बखरीत नाही, ती पोवाड्यातली. ॲकवर्थ व शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाडे छापले, तोवर ही कथा डफ-तुणतुण्यावरच जगली. इतिहासाने घोरपड खुशाल वगळावी. पण गड घेताना लग्नघराचे काय झाले, हे मावळाला शाहिरानेच सांगितले.