थ्री-नॉट-थ्री आणि न झालेला सराव

आज बोलूया एका रायफलीबद्दल.

२६ नोव्हेंबर २००८, सीएसटी स्टेशन. कसाब आणि इस्माईलकडे एके-४७, मॅगझिनमध्ये ३० गोळ्या. समोर पोलिसांकडे थ्री-नॉट-थ्री, नाहीतर नुसती काठी. थ्री-नॉट-थ्री म्हणजे ली-एनफिल्ड, ब्रिटिश सैन्याने १८९५ मध्ये स्वीकारलेली. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे-पुढे करायचा. स्टेशनात पन्नासहून जास्त माणसं गेली.

पण सगळा दोष बंदुकीवर ढकलू नका. जुन्या रायफलीनेही लांबवर नेम लागतो, फक्त हात बसलेला हवा. नंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने तेच दाखवलं: गोळ्यांचा तुटवडा, म्हणून फायरिंगचा सराव थांबलेला. मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे टेस्टिंग टाळलं तर सर्व्हर पडतो, इथे माणसं जातात.

त्याच रात्री गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळेंनी कसाबच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या. म्हणून कसाब जिवंत सापडला. २००९ मध्ये फोर्स वन उभी राहिली, चांगलंच झालं. पण पहिल्या मिनिटाला तिथे ड्युटीवरचा हवालदारच असतो. त्याला वर्षाला किती गोळ्या सरावाला मिळतात, हे विचारत राहा.

भेटूया पुढच्या भागात!