उपास आणि उरलेला घास

गोव्याच्या कार्निव्हलची छायाचित्रे आपण दरवर्षी वर्तमानपत्रांत पाहतो. रंगवलेले चेहरे, चित्ररथ, गाणी, नाच. कोकणीत या सणाला 'इंत्रूज' म्हणतात. मंगळवारी हा सारा गलबला थांबतो आणि बुधवारी चर्चमध्ये भाविकांच्या कपाळाला राख लागते. तिथून ख्रिस्ती समाजाचा उपवासकाळ सुरू होतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात. रविवार हा आनंदाचा दिवस, म्हणून सहा रविवार वगळले की उरतात ४०. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपास केला, त्याचे हे स्मरण.

नाचाची छायाचित्रे छापून येतात, उपासाची येत नाहीत. ते योग्यच आहे. उपास करताना चेहरा उतरवून बसू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, म्हणजे तुमचा उपास लोकांना दिसणार नाही, असे येशूने शिष्यांना बजावले होते. मी रोजे पाळणाऱ्या घरात वाढलो, त्यामुळे ही गोष्ट मला चटकन उमगते. बंद दाराआड कोणी घोटभर पाणी प्याले, तर ते त्याला आणि त्याच्या अल्लालाच ठाऊक.

मग उपास खरा कशावरून ओळखायचा? पहिल्या काळातील ख्रिस्ती मंडळींनी याचे उत्तर फार साधे दिले आहे. बुधवारी आणि शुक्रवारी उपास करावा, असे 'दिदाखे' या त्यांच्या अगदी जुन्या नियमपुस्तिकेत सांगितले आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिल्या गेलेल्या 'हर्मासचा मेंढपाळ' या ग्रंथात त्याची पुढची पायरी येते. उपासाच्या दिवशी फक्त भाकरी आणि पाणी घ्यावे, एरवीच्या जेवणाला किती खर्च आला असता तो काढावा आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी. त्याच शतकात अथेन्सचा तत्त्वज्ञ अरिस्तिदेस याने रोमन सम्राटापुढे ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली. हे लोक स्वतः गरीब असले, तरी उपाशी माणसासाठी दोन-तीन दिवस आपण उपाशी राहतात आणि त्याला जेवू घालतात, असे त्याने लिहिले. म्हणजे उपास माझ्या पोटात सुरू होई आणि दुसऱ्याच्या ताटात पुरा होई.

पुढे धर्म सत्तेच्या जवळ गेला. ३२५ सालच्या निकेया परिषदेच्या एका नियमात चाळीस दिवसांच्या काळाचा उल्लेख आढळतो. हळूहळू युरोपभर बंधने पक्की झाली. दिवसातून एकदाच जेवायचे आणि मांस, अंडी, दूध, लोणी वर्ज्य. मासे मात्र चालत. श्रीमंतांच्या घरी माशांचे नाना प्रकार शिजू लागले. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही आपली म्हण तिथेही लागू पडली असती!

खरी अडचण झाली ती उत्तर युरोपातील सामान्य माणसाची. दक्षिणेत ऑलिव्हचे तेल घरचे होते, उत्तरेत ते विकत आणावे लागे. लोणी घरात असून खाता येईना. मग चर्चला पैसे भरून लोणी खाण्याची परवानगी मिळू लागली. फ्रान्समधील रुआँ शहराच्या कॅथेड्रलचा एक उंच मनोरा आजही 'लोण्याचा मनोरा' म्हणून ओळखला जातो. अशा परवानग्यांच्या पैशातून तो उभा राहिला, असे सांगतात. वाचलेला घास गरिबाकडे जायचा, ती वाटच वळली होती. मार्टिन ल्यूथरने १५२० साली या व्यवहारावर कडाडून टीका केली.

दोन वर्षांनी, १५२२ च्या मार्चमध्ये, स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिक शहरात फ्रोशाउअर नावाच्या मुद्रकाच्या घरी उपवासकाळातच मांसाचे सॉसेज कापून वाटले गेले. त्यावरून नगरपरिषदेने त्याच्यावर कारवाई केली. फ्रोशाउअरचे म्हणणे साधे होते. फ्रँकफुर्टच्या जत्रेसाठी पुस्तके पुरी करायची आहेत, कामगार रात्रंदिवस राबत आहेत, रोज मासे घेणे परवडत नाही. धर्मोपदेशक झ्विंग्ली तिथे हजर होता. त्याने स्वतः खाल्ले नाही, पण पुढे प्रवचनात त्यांची बाजू घेतली. ज्याला करायचा त्याने उपास करावा, दुसऱ्यावर सक्ती नको. नांगर आणि कुदळ चालवणाऱ्याच्या वासनांना त्याचे कष्टच लगाम घालतात, असे तो म्हणाला. स्वित्झर्लंडमधील धर्मसुधारणेला तोंड फुटले ते या घटनेने.

इंग्लंडमध्ये तर आणखी मजा झाली. १५६३ साली तिथल्या पार्लमेंटने बुधवारीही मांस बंद करून मासे खाण्याचा कायदा केला. हेतू असा की, मच्छीमारी वाढावी आणि आरमाराला खलाशी मिळावेत. हे आत्म्याच्या उद्धारासाठी आहे असे कोणी सांगितल्यास त्याला शिक्षा होईल, हेही कायद्यात लिहिले होते!

जुनी वाट पुन्हा सापडली ती विसाव्या शतकात. १९५८ साली जर्मनीतील कॅथलिक धर्माध्यक्षांनी 'मिसेरिओर' ही संस्था सुरू केली. उपवासकाळात स्वतःच्या खर्चात काटकसर करायची आणि ते पैसे जगातील भूक व रोगराई यांच्याविरुद्ध वापरायचे, हा तिचा हेतू. पोप सहावे पॉल १९६४ च्या डिसेंबरमध्ये मुंबईला आले होते. शस्त्रांवरच्या खर्चातला काही भाग गरिबांसाठी द्या, असे आवाहन त्यांनी तिथून जगाला केले. १९६६ च्या फेब्रुवारीत त्यांनी उपासाचे नियम सैल केले. कॅथलिकांना आता सक्तीचे उपास दोनच उरले आहेत : राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. पण त्याच आज्ञापत्रात एक मोलाची गोष्ट आहे. जिथे सुबत्ता आहे, तिथल्या लोकांनी स्वतःला अधिक आवर घालावा आणि गरजवंत बांधवांना द्यावे. जिथे लोक दारिद्र्यात जगत आहेत, तिथे चर्चने न्यायासाठी झटावे.

अर्धपोटी माणसाला उपास शिकवायचा नसतो, हे यात आले. आमच्याकडे ईदच्या नमाजापूर्वी फित्रा देतात. हेतू हा की, त्या दिवशी कोणी उपाशी राहू नये. हर्मासच्या हिशेबात आणि या फित्र्यात मला फार अंतर दिसत नाही. आपण एक वेळचे जेवण सोडले, हे देवाला कळतेच. पण ते जेवण गेले कुणाकडे, हे शेजारच्या भुकेल्या माणसालाही कळले पाहिजे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)