छापले गेले, पण प्रसिद्ध झाले का?

एखादा शोधनिबंध छापून आला की ते संशोधन प्रसिद्ध झाले, असे आपण म्हणतो. पण 'प्रसिद्ध' म्हणजे सर्वांना माहीत झालेले. छापणे आणि माहीत होणे यांत बरेच अंतर राहू शकते. शिवाय जे छापले, त्यात सगळे सांगितलेले असेलच असेही नाही.

मनोविकारांवरील औषधांच्या इतिहासात हे अंतर फार महाग पडले आहे. मधुमेहात रक्तातील साखर मोजता येते, क्षयाचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवता येतात. नैराश्य किती उतरले हे मात्र रुग्णाशी बोलून आणि त्याच्या उत्तरांना ठराविक पद्धतीने गुण देऊन ठरवावे लागते. त्यातच, औषध म्हणून दिलेल्या पण औषध नसलेल्या गोळीनेही अनेकांना बरे वाटते. त्यामुळे एकट्यादुकट्या डॉक्टरांच्या अनुभवावर भागत नाही. काळजीपूर्वक केलेल्या चाचण्या आणि त्यांचे पुरे अहवाल यांवरच सारी भिस्त असते. हे अहवाल कोणाला वाचायला मिळतात, हा म्हणूनच केवळ ग्रंथालयाचा प्रश्न नाही.

सर्पगंधेची गोष्ट

१९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 'इंडियन मेडिकल वर्ल्ड' या नियतकालिकात एक लेख लिहिला. वेड आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवर सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग होतो, असे त्यांचे निरीक्षण होते. लेख छापला गेला, पण भारताबाहेर त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. लंडन-न्यूयॉर्कच्या ग्रंथालयांत जी नियतकालिके आवर्जून वाचली जात, त्यांत हे नव्हते.

पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील सर्पगंधेचे निष्कर्ष १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडले आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरातील सिबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळे केले. १९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील मानसोपचारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याच्या परिणामांचा अहवाल दिला. १९५७ च्या लास्कर पारितोषिकात वकील आणि क्लाइन या दोघांचाही वाटा होता. दुष्परिणामांमुळे रिसर्पिन पुढे मागे पडले. तरी १९३१ ते १९५४ ही तेवीस वर्षे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. मुळी तीच होती आणि वेडावरच्या उपयोगाची माहितीही छापलेली होती. ती ज्यांच्या कामाची होती, त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती, एवढेच.

चाचणी क्रमांक ३२९

पन्नास वर्षांनी चित्र उलटे झाले. आता लेख नामांकित पत्रिकेत छापला गेला आणि सगळीकडे पोचलाही. पण त्यात होते ते पुरे नव्हते.

१९९४ ते १९९८ या काळात स्मिथक्लाइन बीचम या कंपनीने उत्तर अमेरिकेतील बारा केंद्रांत नैराश्य असलेल्या २७५ किशोरवयीन मुलामुलींवर एक चाचणी केली. ९३ जणांना पॅरॉक्सेटीन हे नवे औषध, ९५ जणांना इमिप्रामीन हे जुने औषध आणि ८७ जणांना औषध नसलेली गोळी आठ आठवडे देण्यात आली. कोणाला काय मिळते आहे, हे डॉक्टर आणि रुग्ण या दोघांनाही ठाऊक नव्हते. चाचणीचा आराखडा चांगला होता. यश कशाला म्हणायचे, त्याची आठ मोजमापेही आधीच लिहून ठेवली होती. त्यांतली दोन मुख्य होती.

निकाल आला तेव्हा या आठांपैकी एकाही मोजमापात पॅरॉक्सेटीन औषधविरहित गोळीपेक्षा निश्चितपणे सरस ठरले नाही. १९९८ मधील कंपनीच्या एका अंतर्गत टिपणात या अपयशाची कबुली होती. मात्र ते उघडपणे सांगणे धंद्याच्या दृष्टीने परवडणार नाही, असेही त्यात म्हटले होते. २००१ च्या जुलैमध्ये अमेरिकेतील बाल-मानसोपचाराच्या एका प्रतिष्ठित पत्रिकेत बावीस लेखकांच्या नावाने लेख आला. त्याचा पहिला मसुदा कंपनीने पैसे देऊन तयार करवून घेतलेला होता. औषध गुणकारी असून मुलांना सामान्यतः चांगले सोसते, असा लेखाचा निष्कर्ष होता.

हे साधले कसे? मागाहून आणखी मोजमापे घेण्यात आली. त्यांतल्या चारांत औषध सरस दिसले, आणि तीच पुढे मांडण्यात आली. गणितात आणि भाषेत नापास झालेल्या विद्यार्थ्याला निकालानंतर हस्ताक्षराचे आणि हजेरीचे गुण धरून पास करावे, तसा हा प्रकार. शिवाय आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न 'भावनिक अस्थिरता' अशा गुळगुळीत नावाखाली नोंदले गेले होते. लेख वाचणाऱ्या डॉक्टरला त्यामागची मुले दिसणार कशी? एकट्या २००२ सालात अमेरिकेत अठरा वर्षांखालील रुग्णांसाठी या औषधाची वीस लाखांवर औषधपत्रे लिहिली गेली, असे पुढे न्यूयॉर्क राज्याच्या दाव्यात म्हटले होते.

जून २००३ मध्ये ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी अठरा वर्षांखालील नैराश्यासाठी पॅरॉक्सेटीन वापरू नये, असा इशारा दिला. २००४ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी कंपनीवर (एव्हाना तिचे नाव ग्लॅक्सोस्मिथक्लाइन झाले होते) दावा लावला. पंचवीस लाख डॉलर भरून आणि आपल्या चाचण्यांचे निकाल जाहीर करण्याचे मान्य करून कंपनीने तो मिटवला. त्याच वर्षी प्रमुख वैद्यकीय पत्रिकांच्या संपादकांनी मिळून नियम केला, की सुरू करण्यापूर्वी सार्वजनिक नोंदवहीत न नोंदलेल्या चाचणीचा लेख आम्ही छापणार नाही. भारतात अशी नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली.

वर्गात मांडता येईल असे गणित

ही एकाच चाचणीची गोष्ट होती की सार्वत्रिक रीत? अमेरिकेत औषधाला परवानगी मागताना कंपनीला चाचण्या सरकारी नियंत्रकांकडे द्याव्या लागतात. एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी त्या कागदपत्रांची छापील लेखांशी तुलना केली आणि जानेवारी २००८ मध्ये ती प्रसिद्ध केली. नैराश्यावरील बारा औषधांच्या एकूण ७४ चाचण्या होत्या. नियंत्रकांच्या मते त्यांतल्या ३८ यशस्वी आणि ३६ अयशस्वी किंवा संशयास्पद होत्या.

आता छापील बाजू पाहा. ३८ यशस्वी चाचण्यांपैकी ३७ छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच गेल्या नाहीत, ११ यशस्वी असल्यासारख्या छापल्या गेल्या आणि फक्त ३ आहेत तशा छापल्या गेल्या. म्हणजे वाचकासमोर ५१ लेख आले आणि त्यांतले ४८ अनुकूल. खरे यश ५१ टक्के. वाचकाला दिसलेले यश ९४ टक्के. प्रत्येक लेखातले आकडे अचूक असते, तरीही न छापलेल्या लेखांनी वाचकाची फसगत केलीच असती. टक्केवारी शिकवताना हे उदाहरण फळ्यावर जरूर मांडावे.

दारे उघडली तेव्हा

पत्रिकांच्या वर्गण्या भरमसाट वाढल्याने अनेक महाविद्यालयांना त्या परवडेनाशा झाल्या होत्या. फेब्रुवारी २००२ मध्ये बुडापेस्ट येथून एक जाहीरनामा निघाला. संशोधनाचे लेख कोणालाही इंटरनेटवरून विनामूल्य वाचता, उतरवून घेता आणि वाटता यावेत, अशी त्याची मागणी होती. यालाच 'ओपन ॲक्सेस' किंवा मुक्त प्रकाशन म्हणतात. 'प्लॉस मेडिसिन' ही अशी मुक्त पत्रिका २००४ मध्ये निघाली. आपल्याकडे केईएम रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून १९५५ पासून निघणाऱ्या 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'नेही आपले लेख वाचकांना विनामूल्य खुले केले.

फेब्रुवारी २००८ मध्ये 'प्लॉस मेडिसिन'मध्ये अर्व्हिंग किर्श आणि सहकाऱ्यांचा लेख आला. माहिती अधिकाराच्या अमेरिकी कायद्याने मिळवलेल्या चार औषधांच्या ३५ चाचण्या त्यांनी एकत्र तपासल्या. औषध आणि औषधविरहित गोळी यांतील फरक बहुतेक रुग्णांत लहान आहे आणि अतितीव्र नैराश्यातच तो लक्षणीय होतो, असे त्यांनी म्हटले. वाद पेटला. लेख आणि त्यातील आकडे सर्वांसमोर असल्याने इतर संशोधकांनी तीच आकडेमोड पुन्हा केली आणि किर्श यांच्या पद्धतीतल्या उणिवा दाखवल्या. मुक्त प्रकाशनाचा खरा लाभ इथे दिसतो. त्याने लेख बरोबर ठरत नाही. तो तपासता येतो.

मात्र लेख खुला असणे एवढ्याने भागत नाही. चाचणी ३२९ चा लेख फुकट वाचायला मिळाला असता, तरी त्यातून सत्य कळले नसते. सत्य होते रुग्णांच्या नोंदपत्रकांत. ही सुमारे ७७,००० पाने संशोधकांच्या एका स्वतंत्र गटाला अखेर पाहता आली, तीही दूरच्या संगणकावरून, एका वेळी एक पडदा अशा पद्धतीने. त्यांनी मूळ आराखड्याप्रमाणेच विश्लेषण केले आणि सप्टेंबर २०१५ मध्ये 'बीएमजे'त सर्वांसाठी खुला लेख लिहिला. पॅरॉक्सेटीन आणि इमिप्रामीन दोन्ही निष्प्रभ आणि दोन्हींनी अपाय वाढलेला, असा त्यांचा निष्कर्ष होता. पॅरॉक्सेटीन घेणाऱ्या ९३ पैकी ११ जणांत आत्महत्येचे विचार किंवा स्वतःला इजा करण्याचे प्रकार त्यांना आढळले. चाचणी तीच होती आणि मुलेही तीच होती. निष्कर्ष मात्र चौदा वर्षांनी उलटा झाला.

यावरून ही औषधे म्हणजे फसवणूक, असा अर्थ कोणी काढू नये. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'ने ५२२ चाचण्यांचा आढावा सर्वांसाठी खुला छापला. अप्रकाशित चाचण्याही धरून त्यात तपासलेली सर्व २१ औषधे प्रौढांमध्ये औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरली. कोणी थोडी, कोणी अधिक. ज्यांचे औषध चालू आहे, त्यांनी ते डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करणे धोक्याचे आहे. आढाव्यावर आपण विश्वास ठेवू शकतो, तो त्यात नकोसे निकालही मोजले आहेत म्हणून.

मुक्त प्रकाशनालाही त्याच्या अडचणी आहेत. वाचकाऐवजी लेखकाकडून पैसे घेण्याची पद्धत रूढ झाली आणि पैसे भरले की काहीही छापणाऱ्या बोगस पत्रिकांचे पीक आले. तेव्हा लेख फुकट मिळतो म्हणून तो चांगला, असेही नाही. चाचणी आधी नोंदली होती का, ठरवलेलीच मोजमापे दिली आहेत का, मूळ नोंदी दुसऱ्याला पाहता येतात का, हे प्रश्न विचारावेच लागतात.

हे प्रश्न शाळेच्या प्रयोगशाळेतही लागू पडतात. लंबकाचा प्रयोग करताना एखादे वाचन इतरांशी जुळत नाही, आणि विद्यार्थी ते खोडून 'बरोबर' आकडा लिहितो. गुण जातील ही त्याची भीती असते. शिक्षकाने अशा वेळी खोडलेला आकडा पुन्हा लिहायला लावावा आणि तो का आला असेल, यावर वर्गात बोलावे. न जुळणारा आकडा वहीत ठेवल्याबद्दल गुण देणारा शिक्षक वैद्यकाच्या सचोटीचाही पाया घालत असतो.