मुखवटा आणि श्रेयनाम : अमेरिकी चित्रकथांतील दुहेरी ओळख

अमेरिकी चित्रकथांतील दुहेरी ओळखीची परंपरा सुपरमॅनपासून सुरू झाली, हा समज अपुरा आहे. बॅरोनेस ऑर्झी यांच्या ‘स्कार्लेट पिंपर्नेल’ (१९०५) या कादंबरीतील छानछोकीत रमलेला इंग्रज उमराव फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात गिलोटिनच्या तोंडून माणसे सोडवतो. जॉन्स्टन मॅककली यांचा झोरो (१९१९) त्याच घाटाचा. दोघांचाही दुबळेपणा हे सोंग; मात्र दोघेही उच्चकुलीन.

१९३८ मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात हा घाट बदलला. जेरी सिगेल व जो शुस्टर हे दोघे ज्यू स्थलांतरितांचे पुत्र. त्यांचा क्लार्क केंट उमराव नसून पगारदार वार्ताहर आहे. महामंदीने पिचलेल्या वाचकाला हा बुजरा, चष्मा लावणारा नोकरदार परका वाटण्याचे कारण नव्हते.

यांतील खरा कोण? बॅटमॅन मुखवटा चढवून नायक होतो; सुपरमॅन मात्र जन्मतःच सुपरमॅन असून क्लार्क हेच त्याचे सोंग होय, असे ज्यूल्स फायफर यांनी १९६५ मध्ये मांडले. जॉन बर्न यांच्या १९८६ च्या पुनर्मांडणीत हेच उलटले : कॅन्ससच्या शेतावर वाढलेला क्लार्क खरा आणि सुपरमॅन हे त्याने पत्करलेले रूप. म्हणजे नायकाचा ‘खरा स्व’ पात्रात कायमचा ठरलेला नव्हता. तो लेखकागणिक बदलत गेला.

या कथांत ज्यू स्थलांतरितांच्या सात्मीकरणाचे प्रतिबिंब पाहिले जाते. तो हेतू जाणीवपूर्वक होता, असे ठामपणे म्हणता येत नाही. परंतु नावांचा पुरावा बोलका आहे. रॉबर्ट काह्न बॉब केन झाले, जेकब कुर्त्झबर्ग जॅक कर्बी, तर स्टॅन्ली लीबर स्टॅन ली. सिगेल व शुस्टर यांनी आडनावे बदलली नाहीत. मात्र १३० डॉलरना सुपरमॅनचे हक्क विकून बसलेल्या या दोघांनी १९४७ मध्ये न्यायालयात धाव घेतली आणि त्यानंतर त्यांची नावेच पानांवरून गेली. १९७५ च्या अखेरीस ती परत आली, सोबत निर्वाहवेतनही मिळाले. बॅटमॅनच्या घडणीत केनइतकाच, किंबहुना अधिक वाटा असलेले बिल फिंगर १९७४ मध्ये निवर्तले. त्यांचे नाव केनच्या नावाशेजारी अधिकृतपणे छापण्याचा निर्णय २०१५ मध्ये झाला.