इंग्रजी-उर्दू कोशाचे औरंगाबाद पर्व

वाचाळ माणसासाठी इंग्रजीत जे नानाविध शब्द रूढ आहेत, त्यांपैकी एखाद्याचा आशय उर्दूभाषकास विशद करावयाचा झाल्यास कोशकारापुढे फारसी घाटाचा ‘बिसियारगो’ येतो, तसेच घरगुती बोलीतले ‘बातूनी’ आणि ‘बक्की’ हेही येतात. पहिल्यात ग्रंथांची प्रतिष्ठा आहे, दुसऱ्यात सलगी आहे आणि तिसऱ्यात वैताग आहे. यांतील यथार्थ शब्द निवडावयाचा, तर दरबारी पांडित्यास बाजारातील व माजघरातील बोलण्याच्या परिचयाची जोड असावी लागते.

ही जोड प्रथम घातली ती परकीयांनी, आणि तीही स्वतःच्या गरजेपोटी. कंपनी सरकारच्या चाकरीतील शल्यवैद्य जॉन गिलख्रिस्ट याने 1786 ते 1790 या काळात इंग्रजी-हिंदुस्थानी कोश खंडशः प्रसिद्ध केला, तो साहेबाला या मुलखातील रयतेशी व शिपायांशी बोलता यावे म्हणून. पुढे शाळा-तपासनीस असलेल्या फॅलन याने 1879 च्या आपल्या हिंदुस्थानी-इंग्रजी कोशात स्त्रियांची बोली, लोकगीते आणि म्हणी यांना मानाचे स्थान दिले, आणि मुनशींच्या दफ्तरात ज्यांना कधी प्रवेश मिळाला नव्हता अशा कितीतरी शब्दांना कोशाचे दार उघडले.

या उद्योगाची दिशा पालटली ती मात्र आपल्या औरंगाबादेत. 1903 साली स्थापन झालेल्या अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे चिटणीसपद 1912 मध्ये मौलवी अब्दुल हक यांच्याकडे आले, आणि निजामाच्या शिक्षणखात्यातील त्यांच्या नोकरीमुळे संस्थेचे दफ्तरही या शहरात आले. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून उर्दूचा स्वीकार केल्यावर शास्त्रीय परिभाषेची निकड भासू लागली, आणि अशा वातावरणात सिद्ध झालेला अंजुमनचा बृहत् इंग्रजी-उर्दू कोश 1937 साली प्रकाशित झाला. गिलख्रिस्टच्या कोशाप्रमाणे हाही इंग्रजीकडून देशी भाषेकडे जाणारा. पण त्याचा वाचक हुकूम सोडणारा साहेब नव्हता, तर परकीय विद्या स्वभाषेत आणू पाहणारा एतद्देशीय जिज्ञासू होता.

मराठवाड्यातील मराठीभाषक विद्यार्थ्यास ही उर्दू स्वतःची नव्हे, तर सरकारदरबारची भाषा म्हणून शिकावी लागली, ही वेदना खरीच आहे आणि ती विसरणे अन्यायाचे होईल. तथापि अंजुमनचे दफ्तर 1938 मध्ये दिल्लीस गेले म्हणून त्या कोशकार्याचे श्रेय या भूमीपासून तुटत नाही. मोल्सवर्थ व कँडी यांचा 1847 चा इंग्रजी-मराठी कोश आपण जितक्या कृतज्ञतेने स्मरतो, तितक्याच कृतज्ञतेने या उर्दू कोशालाही महाराष्ट्राच्या विद्येच्या इतिहासात स्थान दिले पाहिजे.